गाजर गोड लागणारा माणूस

नानांनी केळं सोडलं तेव्हा त्यांच्या भावाला फोन मीच केला. मला गल्लीतल्या बातम्या वेळेवर पोचवायची सवय होती. भाऊ रावेरकडे केळीची बाग करायचा. त्यांच्या घरात मूल आधी केळीचं पान ओळखायला शिकायचं आणि मग बापाला.

"काय झालं? पोट बिघडलं का?" भाऊ म्हणाला.

"नाही. म्हणतात, फार गोड लागतं."

 फोनमध्ये मागे केळीच्या गाडीत घड चढवणाऱ्यांची आरडाओरड ऐकू येत होती. मग भाऊ म्हणाला, "डॉक्टरला दाखवा. खर्चाचं बघू."

नाना म्हणजे आमचे घरमालक. धुळ्याला देवपुरात खाली ते एकटे राहत आणि वर आम्ही भाडेकरू: मी, आमचे हे, दोन मुलं, सासूबाई आणि आबा, म्हणजे माझे सासरे. नानांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेली. बायको नोकरीत असतानाच वारली, मुलगा बंगळुरात. रिटायर होऊन देवपुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "आयुष्यभर पाणी उकळलं. आता या घरात काही उकळणार नाही."

आम्हाला वाटलं, चहा सोडला. त्यांनी स्वयंपाक सोडला होता. वरण, भात, भाकरी, दूध, सगळं. गॅसची शेगडी काढली नाही. तिच्या एका बर्नरवर मूग भिजत ठेवायचे आणि दुसऱ्यावर मटकी. पाहुणा आला की म्हणायचे, "बसा, शेगडीवर आहे, होईल परवापर्यंत."

कच्चं खायचं म्हटल्यावर माणूस आधी फळांवर पडतो. नानाही पडले. चिकू, पपई, सीताफळ, द्राक्षं, खजूर आणि भावाकडून येणारी केळी. सकाळी फण्या संपायच्या. त्या काळात नानांचं वजन चांगलंच वाढलं. शिंपी माप घेताना म्हणाला, "नाना, उपास मानवला तुम्हाला." नानांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंबर सैल ठेवायला सांगितली.

मग हळूहळू त्यांची जीभ फिरली. आधी खजूर गेला. "ही काकवी आहे," म्हणाले. मग चिकू. "गुळाचा खडा चोखल्यासारखं होतं." मग सीताफळ, द्राक्षं, आणि एके दिवशी खुद्द केळं. पिकलेला पेरू सोडून हिरव्या पेरूवर आले, हिरव्यावरून काकडीवर. शेवटी सकाळी ओट्यावर बसून गाजर चावताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "आजचं गाजर जरा जास्तच गोड निघालं." त्यांच्या तोंडावर तक्रार होती. गंमत करणं त्यांना येत नसे. हे मी सांगून ठेवते, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

नाना खोटं बोलत नसत. सद्गुण म्हणून नाही, बॉयलरवरची सवय. काट्यावर जो आकडा दिसतो तोच वहीत लिहायचा, साहेबाला आवडो न आवडो. आता त्यांनी तोच काटा जिभेला लावला होता. कुणाच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी हौसेनं कापलेला आंबा नानांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "कसा आहे?" नाना म्हणाले, "रॉकेलचा वास येतो." साखरपुडा झाला, पण जरा उशिरा.

फळांच्या गाडीवाल्यांना सुरुवातीला त्यांची धास्ती होती. नाना टरबुजाची फोड उचलायचे, चावायचे, बाजूला थुंकायचे आणि भर रस्त्यात म्हणायचे, "छे. फारच गोड." एक गाडीवाला मात्र हुशार निघाला. त्यानं काही दिवस ऐकून घेतलं आणि मग नाना वळले की ओरडायला लागला, "नानांनी थुंकेल टरबूज शे! घ्या, घ्या! नानांनी थुंकेल!" त्याची गाडी आधी रिकामी व्हायची. नानांना याचं काही वाटत नसे. "तो खरं तेच सांगतोय," म्हणायचे.

त्यांचं म्हणणं असं, की जीभ म्हणजे ऑफिसातला कारकून. ज्या कागदांची सवय लावाल त्यांवरच सही करणार. नवीन कागद दिला की आधी परत पाठवणार. "पाठवू दे," म्हणायचे. "आपण परत पुढे करायचा."

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, शाळेत विज्ञान शिकवायची, आणि जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरचा रंग बघायची. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. मी नानांची शिष्या झाले. नानांनी मला बोलावलं नव्हतं. मी विज्ञानाची बाई असल्यामुळे मला सगळं आधीच समजलं होतं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी डब्यात भिजवलेले शेंगदाणे आणि काकडी घेऊन बसायची आणि दुसऱ्यांच्या डब्यातल्या शेवभाजीकडे अशा नजरेनं बघायची, जशी रस्त्यात झिंगून पडलेल्याकडे बघतात. बायका डब्याची झाकणं अर्धी लावून जेवायला लागल्या. मी त्यांना म्हणायची, "तुम्हाला कळणार नाही. मला आता गाजरातली साखर कळते."

मला गाजरात गाजर कळायचं. साखर वगैरे काही नाही. पहूरला माझी बहीण राहते. तिच्याकडे मी त्या वर्षी फार वेळा गेले, तिची तब्येत बघायला. तिची तब्येत उत्तम होती आणि तिची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर ठेचा, तीही उत्तम होती. परत आल्यावर मी नानांना सांगायची, "काकडी काय गोड लागते हो हल्ली!" नाना माझ्याकडे बघायचे, बॉयलरच्या काट्याकडे बघावं तसे, आणि म्हणायचे, "सूनबाई, अजून नाही लागत. लागेल." एवढंच. मला त्यांचा राग यायचा.

आबांनी मात्र या शास्त्रात कधी लक्ष घातलं नाही. संध्याकाळी ते खाली नानांच्या ओट्यावर जाऊन बसत. एक माणूस कच्चं कारलं चावतोय आणि दुसरा त्याच्याकडे बघत बिनसाखरेच्या चहाचा कप धरून बसलाय, असं ते दृश्य. आबांना डायबिटीस होता. सासूबाईंनी साखरेचा डबा आपल्या पलंगाखाली ठेवला होता. आबा नानांना म्हणायचे, "नाना, तुला गोड मिळतं आणि नको. मला हवं आणि मिळत नाही. देवाच्या घरी पत्ता चुकतोय." नाना म्हणायचे, "अदलाबदल करता आली असती तर केली असती, आबा."

आबांचा जीव होता आंब्याच्या रसावर. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रस लागतोच. दुसरीकडे त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खानदेशात मेलेल्यांना आंबा देतात. तोवर जिवंतांनी आंब्याला हात लावायचा नाही. आबांचा रस सासूबाई वेगळ्या पितळी पातेल्यात काढायच्या, साखरेशिवाय, आणि वाटीही लहान. आबांच्या शेवटच्या आखाजीला त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. सासूबाई म्हणाल्या, "आते बस. पुढला साल."

दिवाळी झाली आणि आबा गेले.

सासूबाई रडल्या ते सगळ्यांनी पाहिलं. पण "पुढला साल" हे शब्द त्यांच्या घशात अडकून बसले होते, ते मला उशिरा कळलं. हिवाळाभर त्या मध्येच म्हणायच्या, "एक वाटीनं काय व्हतं?" मी म्हणायची, "आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं." त्या म्हणायच्या, "डॉक्टर बी गोड खातस. मी देखेल शे."

आखाजी जवळ आली. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याच्या नावानं मातीचं डेरगं पाण्यानं भरून पुजतात, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि गेलेल्याच्या जागी एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पितर म्हणायचं. तो जेवला की गेलेला जेवला. गेलेल्याला जे आवडायचं ते त्याला वाढायचं, आणि तो पोट भरून उठला पाहिजे. अर्धपोटी उठला तर गेलेलाही अर्धपोटी. सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. त्या खाली गेल्या आणि ओट्याजवळ उभं राहून म्हणाल्या, "नाना, आखाजीले तुमी बसा. त्यासना जागी."

नाना म्हणाले, "वहिनी, मी शिजवलेलं खात नाही. रसात साखर असेल, तीही चालत नाही. दुसरं कुणी बघा."

"दुसरा कोण? त्या कोना ओट्यावर बसेत?"

सासूबाईंच्या बोलीत 'त्या' म्हणजे आबा. 

मी मध्ये पडले. मला वाटलं, इथे शास्त्र आणि रूढी यांचा मेळ घालायची संधी आहे. मी म्हटलं, "आई, आपण पितराचं ताट कच्चंच करू. मोड आलेले मूग, काकडी, कच्च्या डांगराच्या फोडी. नानांनाही चालेल."

सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "अवं, माणूस व्हता तो. बकरी नही."

दोन दिवस घरात हीच चर्चा चालली. आमच्या ह्यांनी एक-दोन भाऊबंदांची नावं सुचवली. सासूबाई प्रत्येक नावावर "त्याले काय माहीत?" एवढंच म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नसत. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "वहिनी, एक सांगा. पितर पाटावर बसतो तेव्हा जेवतो कोण? तो की गेलेला?"

"गयेल माणूस."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझ्या खाण्याचा प्रश्न येत नाही. मी बसतो. पण मला काही विचारलंत तर मी जे आहे ते सांगणार. मला दुसरं जमत नाही."

"इचारानं काय शे त्यात?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दिवाळीनंतर पहिल्यांदा सैल झाला.

आंबे गावाकडून आले. बाजारात हापूस-केशर होते, पण सासूबाईंना तेच गावठी हवे होते, आबा लहानपणी ज्या झाडाखाली निजायचे त्याचे. पोत्यात गवतात पिकत घातले. आखाजीला सकाळपासून चुलीवर पालथं खापर तापत होतं आणि सासूबाई हातावर पुरणाची पोळी वाढवत वाढवत चादरीएवढी करून त्यावर टाकत होत्या. मला त्या पोळ्यांजवळ उभं राहायची परवानगी नव्हती. माझी पोळी हातावरच फाटते आणि पुरण चुलीत जातं. मी भजी आणि कुरडया तळल्या. रस सासूबाईंनी स्वतः काढला. चोथा पिळून, गाळून, पातेलं झाकून ठेवलं. कुणी चाखला नाही. नैवेद्य चाखायचा नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

नाना पांढरा सदरा घालून आले. पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, पाटावर बसले. आमच्या ह्यांनी आबांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकला. सासूबाई पातेलं आणि पळी घेऊन नानांच्या समोर बसल्या. भिंतीला टेकून आम्ही सगळे उभे. नानांनी रसाची वाटी उचलून तोंडाला लावली आणि थांबले.

त्यांच्या भुवया वर गेल्या. इतक्या दिवसांनी मी त्यांच्या चेहऱ्यावर काही होताना पाहिलं. मला वाटलं, संपलं. साखर. आता थुंकतात.

"गोड शे ना?" सासूबाईंनी विचारलं. विचारताना त्यांनी 'नाना' म्हटलं नाही. कुणाला विचारलं ते घरातल्या सगळ्यांना कळलं.

"गोड आहे," नाना म्हणाले. "फार गोड आहे."

"मंग खा. आते कोणी आडावस नही." आणि त्यांनी वाटी भरली.

नाना जेवले. मान खाली घालून, बॉयलरच्या पाळीवर बसल्यासारखे, न थांबता. खापराची पोळी रसात बुडवून खाल्ली, भजी खाल्ली, कुरडई मोडून खाल्ली, आणि वाटी रिकामी झाली की पुढे केली. सासूबाई ओतत होत्या. एकदाही 'बस' म्हणाल्या नाहीत. पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा नानांनी हात वाटीवर आडवा धरला आणि उठले. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं.

मग आम्ही बसलो. आमचा रस दुसऱ्या पातेल्यात होता, त्याच आंब्यांचा. आमच्या ह्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा एक डोळा मिटला. धाकट्यानं जीभ बाहेर काढली, मी त्याला टेबलाखालून मारावं तसं मांडीवर मारलं, टेबल नसताना. मी स्वतः घोट घेतला. दातांच्या मुळांपर्यंत पोचला. कैरीचं सार त्यापुढे श्रीखंड. आम्ही सगळे सासूबाईंच्या वाटीकडे बघत राहिलो.

त्यांनी चमचा तोंडात घातला. काढला. उठल्या, पलंगाखालून साखरेचा डबा ओढला, झाकण उघडलं. डबा काठोकाठ होता.

"साखर टाकानी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू: "यंदा बी बिनसाखरनाच."

आबांचा रस गाळताना वर्षानुवर्षं जो हात साखरेकडे वळला नव्हता तो त्या दिवशीही वळला नव्हता. हाताला कुणी सांगितलंच नाही, की आता चालतं म्हणून.

त्या तशाच खाली निघाल्या. मी मागे. नाना खाटेवर उताणे पडले होते, सदऱ्याची खालची बटणं उघडी.

"नाना, रस आंबट व्हता."

नाना उठून बसले, त्यांना थोडा वेळ लागला. "तुम्हाला आंबट असेल, वहिनी. मला गोड लागला."

"मना जीव ऱ्हावासाठे बोलतस."

"मी असं कधी बोललोय? मागच्या वर्षी तुमच्या लोणच्याला मी काय म्हणालो?"

सासूबाईंनी आठवलं. "सुतळी म्हनेत."

"सुतळीच लागलं होतं. चांगलं असतं तर चांगलं म्हटलं असतं." नाना सावकाश, एकेक आकडा वाचून दाखवावा तसं बोलले. "माझी जीभ आता तुमच्यासारखी नाही. मला गाजर गोड लागतं. हा रस मला घशाशी येईल इतका गोड होता. यात साखर असती ना, तर एका वाटीच्या वर माझ्यानं गेलं नसतं. मग आबा अर्धपोटी उठला असता."

सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात तो हिशोब इकडून तिकडे चाललेला दिसत होता. लोणच्याला तोंडावर सुतळी म्हणणारा माणूस. शेवटी त्यांनी विचारलं, "पातेलं सरनं?"

"सरलं."

"पोट भरनं त्यासनं?"

"भरलं. मी सांगतो ना. वर आलं होतं."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं, वर आल्या आणि आमच्या ह्यांच्या हातातला साखरेचा चमचा काढून घेऊन डबा बंद केला. "जो रस त्यासले गोड लागना, तो तुमले काय झाया?" आम्ही सगळ्यांनी तो रस शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला. मी सगळ्यांत जास्त खाल्ला. कच्च्या आहाराची अधिकृत प्रतिनिधी मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर काकडी घेऊन बसले होते. एक घास चावला, थांबले, काकडीकडे बघितलं, दुसऱ्या टोकाकडून चावली.

"काय झालं, नाना?"

"चव नाही. पाणी लागतंय." त्यांनी गाजर चाखलं, तेही खाली ठेवलं. "एका जेवणात सगळं पुसलं. परत पहिल्यापासून करावं लागेल."

मला वाईट वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, कारण आता आम्ही दोघं एकाच इयत्तेत होतो. मी म्हटलं, "पस्तावा होतोय का?"

नानांनी काकडीही खाली ठेवली. 

"नाही," ते म्हणाले. मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून: "सूनबाई, पोळी फार चांगली होती. वहिनींना सांगू नको. रोज पाठवतील."

मी सांगितलं नाही. मी वर गेले, कालच्या उरलेल्या दोन खापराच्या पोळ्या ताटात घडी करून ठेवल्या, वर दुसरं ताट झाकलं आणि त्यांच्या दाराशी ठेवून शाळेत निघून गेले.

संध्याकाळी ताट आमच्या जिन्याच्या पायरीवर होतं. रिकामं आणि घासलेलं. नाना ओट्यावर बसून मूग निवडत होते. मी ताट उचललं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं.